‘विसरलो’ म्हणणारी मुलं

भूमितीचा तास सुरू झाला की वर्गात दबक्या आवाजात देवघेव चालू होते. ‘ए, तुझं झालं की राउंडर दे ना.’ कोनमापक तीन बाकं ओलांडून जातो, एक पट्टी चौघांत फिरते. फळ्यावर वर्तुळ काढत असलेले आपण मागे न बघताच ‘आवाज नको’ म्हणतो.

ही देवघेव मुलांनी स्वतःहून उभी केली आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण तिच्यावर विसंबून राहण्याचा अधिकार आपल्याला नाही. मागणाऱ्या मुलाची आकृती नेहमी शेवटी होते. तोवर फळा पुसला जातो. कंपासचं टोक वाकलं की त्याच्यावरच आळ येतो. डब्याच्या सुट्टीत भांडण झालं तर दुपारी पेन्सिल मिळत नाही. देणाऱ्यालाही घरी ऐकून घ्यावं लागतं, ‘तुझेच रंग कसे संपतात?’ मग एक दिवस मूल मागणंच थांबवतं आणि आपण विचारलं की ‘घरी विसरलो’ म्हणतं. ‘माझ्याकडे नाही’ हे चाळीस जणांसमोर सांगण्यापेक्षा विसरल्याची शिक्षा त्याला सोपी वाटते. आणि आपण ती देतो.

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. वह्या, कंपासपेटी, रंग यांचा भार मात्र घरावरच. २०२३-२४ पासून पुस्तकांतच कोरी पानं जोडण्याचा प्रयोग झाला. तरीही मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली, आणि २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. वहीचा खर्च होता तिथेच राहिला.

आमचा आग्रह साध्या गोष्टीचा आहे. प्रत्येक वर्गात कपाटाबाहेर, मुलांच्या हाताशी एक पेटी असावी. त्यात पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, दोन-तीन कंपास. न विचारता घ्यायचं, तास संपला की ठेवायचं. नावांची नोंद नको. नोंदवही आली की गरजूंची यादी तयार होते आणि ती वर्गाला पाठ होते. काही वस्तू हरवतील, त्या हरवू द्याव्यात. पैशांसाठी संयुक्त शाळा अनुदानाकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण वीजबिल आणि दुरुस्तीनंतर त्यात काय उरतं हे मुख्याध्यापकांना विचारा. त्यापेक्षा दहावीची मुलं शाळा सोडताना कंपासपेट्या मागे ठेवून गेली, तर एका वर्षात बरंच जमतं. आणि देणाऱ्या मुलाचं परिपाठात कौतुक करू नका. टाळ्या त्याला मिळतात, पण वर्गाच्या नजरा घेणाऱ्याकडे वळतात.

परीक्षेचा दिवस वेगळा. बोर्डाच्या परीक्षेत शेजाऱ्याकडून काही मागता येत नाही आणि गणित भाग २ च्या चाळीस गुणांच्या पेपरात रचना काढाव्याच लागतात. वर्षभर दुसऱ्याच्या राउंडरवर शिकलेलं मूल तिथे एकटं पडतं. म्हणून प्रवेशपत्रं वाटण्याच्या आधी वर्गशिक्षकांनी पाहून घ्यावं, आणि ज्याच्याकडे कंपासपेटी नसेल त्याला बाजूला बोलावून ती द्यावी. परत मागू नये.