विश्लेषण : मालिका १-२ ने गेली... संघ किती हरला आणि आपण किती घसरलो?

परदेशातली कसोटी मालिका थोडक्यात हातची गेली की पहिला अर्धा तास कोणाला काही सुचत नाही. त्यानंतर मोबाइलवर आरोपी शोधायला सुरुवात होते. कधी तो पंच असतो, कधी एखादा फलंदाज, कधी झेल सोडणारा गोलंदाज. पण थोडक्यात पराभव म्हणजे नेमके किती? आणि चाहत्यांच्या रागाला काही हद्द असावी का? दक्षिण आफ्रिकेतील २०२१-२२ च्या मालिकेच्या निमित्ताने हे समजून घेऊ.

संक्रांतीच्या संध्याकाळी काय घडले?

१४ जानेवारी २०२२, शुक्रवार. मकर संक्रांतीचा दिवस. अभियांत्रिकीची पदवी घेऊन, नोकरीच्या शोधात मी तेव्हा साकोली तालुक्यातील सानगडीत घरीच होतो. कोरोनाची तिसरी लाट सुरू होती, त्यामुळे हळदी-कुंकू बेताचेच आणि सामना मोबाइलवर. केपटाऊनमध्ये दक्षिण आफ्रिकेने २१२ धावांचे लक्ष्य ३ गडी गमावून गाठले आणि मालिका २-१ अशी खिशात घातली.

आमच्या गावातल्या मित्रांच्या ग्रुपवर त्या दिवशी दोनच प्रकारचे संदेश होते. एक, ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’. दुसरे, चेतेश्वर पुजारा आणि अजिंक्य रहाणे यांना घातलेल्या शिव्या. अनेकांनी दोन्ही पाठवले. मीही पाठवले. दोघांच्या नावांची मोडतोड करून बनवलेले एक मीम मी पाच ग्रुपमध्ये पुढे ढकलले. त्याआधी धावफलक नीट उघडूनही पाहिला नव्हता.

मालिकेचा हिशेब काय सांगतो?

सेंच्युरियनची पहिली कसोटी भारताने ११३ धावांनी जिंकली होती. त्या मैदानावर कसोटी जिंकणारा तो पहिला आशियाई संघ. जोहान्सबर्ग आणि केपटाऊन या पुढच्या दोन्ही कसोटी दक्षिण आफ्रिकेने सात-सात गडी राखून जिंकल्या. भारताने आजवर दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका जिंकलेली नाही. ही संधी अगदी तोंडाशी आली होती, म्हणून चटका जास्त बसला.

आता साधी बेरीज करू. तीन कसोटींच्या सहा डावांत भारताने ३२७, १७४, २०२, २६६, २२३ आणि १९८ धावा केल्या. एकूण १३९०. दक्षिण आफ्रिकेने १९७, १९१, २२९, २४३, २१० आणि २१२, म्हणजे एकूण १२८२. धावा भारताच्या १०८ ने जास्त! पण भारताने त्यासाठी सर्वच्या सर्व ६० गडी गमावले, तर यजमानांनी ४६. म्हणजे गड्यामागे भारताच्या साधारण २३ धावा आणि दक्षिण आफ्रिकेच्या जवळपास २८.

दोन्ही पराभवांत आणखी एक गोष्ट समान आहे. कसोटीतला चौथा डाव सर्वात अवघड मानला जातो. यजमानांनी मात्र दोन्ही वेळा त्याच डावात सहज धावा काढल्या. जोहान्सबर्गला २४० चे लक्ष्य होते, केपटाऊनला २१२ चे. दोन्ही वेळा भारताला फक्त तीनच गडी बाद करता आले. डीन एल्गरच्या नाबाद ९६ आणि कीगन पीटरसनच्या ८२ धावांनी ते दोन डाव उभे केले. आकड्यांत पराभव १-२ असा निसटता दिसतो, पण तो एका चेंडूवर किंवा एका माणसामुळे झालेला नाही.

मग रहाणे-पुजाराच का सापडले?

कारण त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा होती. रहाणेने सहा डावांत १३६ धावा केल्या, पुजाराने १२४. अनुभवी फलंदाजांकडून एवढे पुरेसे नाही, हे मान्यच करावे लागेल. त्यानंतरच्या श्रीलंकेविरुद्धच्या मायदेशी मालिकेतून निवड समितीने दोघांनाही वगळले. तो क्रिकेटचा निर्णय होता आणि त्यावर चर्चा व्हायलाच हवी होती.

पण त्याच मालिकेत जोहान्सबर्गच्या दुसऱ्या डावात या दोघांनी १११ धावांची भागीदारी केली होती. रहाणे ५८, पुजारा ५३. ती भागीदारी नसती तर तिथे लढण्यासारखे लक्ष्यच उभे राहिले नसते. केपटाऊनच्या दुसऱ्या डावात तर संघाच्या १९८ पैकी १०० धावा एकट्या ऋषभ पंतच्या होत्या. त्या कसोटीत भारताचे वीसच्या वीस फलंदाज झेलबाद झाले. कसोटीच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. म्हणजे अपयश सामूहिक होते. मीममध्ये मात्र चेहरे दोनच होते.

आणखी एक गोष्ट आपण पटकन विसरतो. जोहान्सबर्गला पालघरच्या शार्दुल ठाकूरने ६१ धावांत ७ बळी घेतले, भारतीय गोलंदाजाची दक्षिण आफ्रिकेतील ती सर्वोत्तम कामगिरी. केपटाऊनला जखमी सिराजच्या जागी आपल्या विदर्भाचा उमेश यादव खेळला. पराभूत संघातही चांगली कामे झालेली असतात. शिव्यांच्या गदारोळात ती वाहून जातात.

‘तो’ डीआरएसचा निर्णय मालिकेवर भारी पडला का?

केपटाऊनच्या तिसऱ्या दिवशी अश्विनच्या चेंडूवर एल्गरला पंचांनी पायचीत दिले. एल्गरने दाद मागितली. चेंडू यष्ट्यांच्या वरून जातो आहे असे पडद्यावर दिसले आणि निर्णय फिरला. विराट कोहली, अश्विन आणि के. एल. राहुल यांनी यष्ट्यांजवळच्या माइकमध्ये आपला संताप ऐकवला. इकडे चाहत्यांनी ‘मालिका चोरली’ असा निकालच देऊन टाकला.

यामागचे तंत्र थोडक्यात असे. मैदानाभोवतीचे अनेक कॅमेरे चेंडूची जागा क्षणोक्षणी टिपतात. त्यावरून संगणक चेंडूचा प्रत्यक्ष मार्ग काढतो आणि पॅडला लागल्यानंतर तो कुठे गेला असता याचा अंदाज बांधतो. पहिला भाग मोजमापाचा, दुसरा गणिताचा. टप्पा पडल्यावर चेंडू किती उसळला, यावर हा अंदाज बराच अवलंबून असतो. डोळ्यांना जे वाटते ते आणि यंत्र जे दाखवते ते वेगळे असू शकते. शंका घेणे गैर नाही, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

शिवाय निकाल फिरला तेव्हा एल्गर २२ वर होता आणि त्याच संध्याकाळी ३० वर बाद झाला. म्हणजे त्याच्या खात्यात भर पडली आठ धावांची. नुकसान झाले ते वेगळ्याच कारणाने. भारतीय संघ काही काळ त्या वादातच अडकला आणि तेवढ्यात आमच्या धावा निघाल्या, अशा अर्थाचे एल्गरने नंतर सांगितले. निर्णयापेक्षा निर्णयावरचा राग महाग पडला. हे खेळाडूंना लागू आहे, तसे आपल्यालाही.

रग्बीच्या चाहत्यांनीही हेच भोगले?

योगायोग पाहा. त्याच दक्षिण आफ्रिकेत, त्याच केपटाऊनमध्ये, पाचच महिने आधी ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’ हा रग्बी संघ तीन कसोटींची मालिका खेळला. रग्बीतही राष्ट्रीय संघांच्या सामन्याला ‘टेस्ट’च म्हणतात. लायन्सने पहिला सामना २२-१७ असा जिंकला, दुसरा ९-२७ असा गमावला आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी तिसऱ्यात १६-१९ असे हरले. शेवटच्या मिनिटांत ३७ वर्षांच्या मॉर्ने स्टेनने पेनल्टी किक मारून मालिका नेली. याच स्टेनने २००९ मध्येही अशीच एक किक मारून लायन्सचे स्वप्न मोडले होते. इथेही निकाल १-२. इथेही पहिला विजय आणि मग दोन पराभव.

या मालिकेत पंचांवरून वाद इतका पेटला, की दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरास्मस यांनी पंचांच्या चुका दाखवणारी तासाभराची चित्रफीत केली. ती सार्वजनिक झाली आणि पुढे त्यांच्यावर बंदीची कारवाई झाली. दोन वर्षांनी, २०२३ च्या रग्बी विश्वचषकानंतर, अंतिम सामन्याचे पंच वेन बार्न्स यांनी कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल जाहीरपणे सांगितले. त्याच सामन्याचे टीव्ही पंच टॉम फोली ऑनलाइन छळामुळे आंतरराष्ट्रीय कामापासून दूर झाले.

दोन्ही मालिकांत आणखी एक साम्य होते. कोरोनामुळे स्टेडियम रिकामे होते. हार डोळ्यांसमोर पाहून, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू घराकडे निघण्याची सोय नव्हती. प्रत्येक चाहता एकटा होता आणि त्याच्या हातात फोन होता.

मोबाइल नव्हते तेव्हा चाहते शहाणे होते का?

नव्हते. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, तेव्हा मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. इंदूरमध्ये त्या यशाची आठवण म्हणून सिमेंटची भव्य बॅट उभारली गेली. १९७४ मध्ये इंग्लंडने ३-० ने हरवले, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला. मग त्याच वाडेकरांच्या घरावर दगड आले आणि त्या बॅटवर डांबर फासले गेले. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

उलट १९७७-७८ ची ऑस्ट्रेलियातली मालिका पाहा. बिशनसिंग बेदींचा संघ ब्रिस्बेनला १६ धावांनी, पर्थला २ गड्यांनी आणि ॲडलेडला ४९३ चा पाठलाग करताना ४७ धावांनी हरला. मधल्या दोन कसोटी जिंकल्याने निकाल २-३. सुनील गावसकरांनी त्या मालिकेत तीन शतके केली. आज ती मालिका पराभव म्हणून कमी आणि झुंज म्हणून जास्त सांगितली जाते. पराभवाची गोष्ट पुढे कशी सांगितली जाईल, हे आकड्यांइतकेच आपल्यावरही असते.

सहा धावांनी काय बदलते?

ताजे उदाहरण मोहम्मद सिराजचे. १४ जुलै २०२५, आपल्याकडे धानाच्या रोवणीचे दिवस. लॉर्ड्सवर भारत २२ धावांनी हरला. सिराजने खेळून काढलेला चेंडू घरंगळत यष्ट्यांवर गेला आणि तो शेवटचा गडी ठरला. पुढे ओव्हलवर त्याने १९ धावांवर असलेल्या हॅरी ब्रूकचा झेल घेतला खरा, पण पाय सीमारेषेला लागला. ब्रूकने १११ केल्या. ४ ऑगस्टच्या सकाळी इंग्लंडला फक्त ३५ धावा हव्या होत्या. सिराजने शेवटच्या गड्याचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला आणि मालिका २-२ अशी सुटली.

तो सामना हातून गेला असता तर निकाल १-३ लागला असता. मालिकेतले सर्वाधिक बळी सिराजचेच राहिले असते. १८५ हून अधिक षटके टाकून थकलेले शरीरही तेच. फक्त आपल्या ग्रुपवरचे संदेश वेगळे असते. आणि ते कसे असते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

टीका आणि छळ यांत रेघ कुठे मारायची?

‘या फलंदाजाला वगळा’ ही टीका आहे. ‘निवड चुकली’, ‘कर्णधाराने क्षेत्ररक्षण पसरवले’ ही चर्चा आहे. खेळाडूची जात, धर्म, आई, बायको, लेकरू यांच्यावर उतरलो की तो छळ होतो. २०२१ च्या टी-२० विश्वचषकातील पराभवानंतर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून लक्ष्य केले गेले आणि कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल धमकी दिली गेली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी एका तरुण अभियंत्याला अटक केली होती. ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण ‘तो तर कोणी गुंड असेल’ असे म्हणायची सोय उरली नव्हती. तो माझ्याच वयाचा, माझ्याच शिक्षणाचा होता. धमकी देणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार गुन्हा आहे आणि ‘रागाच्या भरात टाइप केले’ हा त्यावरचा बचाव नाही.

त्या संक्रांतीला मी ओट्यावर बसून मोबाइलवर तावातावाने बोटे चालवत होतो. आमचे मोठे काका बैलांना पाणी पाजून आले होते. सर्वोच्च न्यायालयाने महिनाभरापूर्वीच बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली होती, त्यामुळे गावात शंकरपटाशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यांनी विचारले, “काहून एवढा तापून राहिला? तुझी जोडी होती का पटात?” मी सांगितले की आपण हरलो. ते म्हणाले, “पटात जोडी सेकंदाच्या फरकानं मागं राहते. धुरकरी घरी येऊन आधी बैलाची पाठ थोपटते. चुकलं काय, ते दुसऱ्या दिवशी पाहते.”

तेव्हा मला ते पटले नव्हते. जवळपास दीड वर्षाने, जून २०२३ मध्ये, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी रहाणेला परत बोलावले गेले. भारत तो सामना हरला, पण दोन्ही डावांत मिळून १३५ धावा करून लढला तो हाच ‘संपलेला’ फलंदाज. त्या पाच ग्रुपमधले मीम मी तेव्हा शोधले. ते पुसण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ते आजही तिथेच आहे, तिळगुळाच्या शुभेच्छांच्या बरोबर खाली.