कंसातील अर्थ आणि वाचकावरील विश्वास

धुळे-जळगाव परिसरातील नवोदितांच्या कथांत एक सवय वारंवार आढळते. पात्राच्या तोंडी अहिराणी वाक्य येते आणि लगेच कंसात त्याचा प्रमाण मराठीतील अर्थ येतो. समजा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिलेली म्हातारी म्हणते, 'आंडेर सासरले निंघनी.' पुढे कंसात 'मुलगी सासरी निघाली' आणि त्यापुढे 'तिला अतिशय दुःख झाले'. ही दोन्ही स्पष्टीकरणे अनावश्यक आहेत. दारातली ती आई दिसली की कोल्हापूरच्या वाचकालाही 'आंडेर' म्हणजे काय, याचा उलगडा होतो.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. कंस उघडताना लेखकाने आपला वाचक निश्चित केलेला असतो; तो अहिराणी न जाणणारा, दूरचा असतो. परिणामी, अहिराणी बोलणारा वाचक स्वतःच्याच कथेत पाहुणा ठरतो.

याउलट आपल्याच प्रदेशातील उदाहरण पाहा. जळगाव जिल्ह्यातील सांगवी येथे १९३८ साली जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द सतत वापरतो. 'उदाहरणार्थ' सुचवतो की सांगितले ते अनेकांपैकी एक आहे. 'वगैरे' यादी अपुरी ठेवतो. उरलेले भरून काढण्याचे काम दोन्ही शब्द वाचकाकडे सोपवतात. वाचकावरील विश्वास येथे निवेदनाच्या भाषेतच मुरलेला आहे.

ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सूचित अर्थाला काव्याचा आत्मा मानले. सूचित अर्थ पूर्ण होण्यासाठी सहृदय वाचक लागतो.

अर्थात, मौन म्हणजे दुर्बोधता नव्हे. कोण, कुठे, केव्हा हे संदर्भातून उमगणार नसेल, तर ते सांगितलेच पाहिजे. परंतु कृतीतून आणि संवादातून जे कळते, ते पुन्हा सांगणे म्हणजे वाचकाच्या बुद्धीवर अविश्वास दाखवणे होय.

म्हणून आपल्या कथेतील सर्व कंस एकदा झाकून ती वाचून पाहा. अर्थ अडला, तर कंसाकडे परत न जाता प्रसंग अधिक नेमका करा. अर्थ अडला नाही, तर कंस खोडून टाका. आपल्या बोलीला दुभाष्याची गरज नाही.