हिरव्या शिक्क्यामागचे पाणी

पेयांसाठी वापरलेल्या पाण्याइतके पाणी निसर्गाला परत करू, असे कोका-कोला कंपनीने २००७ साली घोषित केले. हे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच गाठल्याचा डंका तिने २०१६ साली जगभर पिटला. दरम्यान, वाराणसीजवळील मेहदीगंजचे शेतकरी तिच्या कारखान्यामुळे भूजल आटत असल्याची तक्रार घेऊन लढत होते. कंपनीने हा आरोप नाकारला. जून २०१४ मध्ये उत्तर प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उत्पादन चालू ठेवू दिले. मात्र ऑगस्टमध्ये कंपनीला विस्ताराचा बेत सोडावा लागला.

खरी मेख हिशेबात आहे. बेरीज साऱ्या जगाची, उपसा मात्र एका गावाच्या जमिनीतून! अन्यत्र मुरविलेल्या पाण्याने मेहदीगंजची विहीर भरत नाही. शिवाय, साखरेसाठी ऊस पिकविण्यास लागणारे पाणी या हिशेबात धरलेलेच नव्हते.

म्हणूनच ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का दिसताच विचारले पाहिजे: दावा वस्तूच्या कोणत्या भागाविषयी आहे? मोजमाप कोणी केले? लाभ कोठे झाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दाव्यांना पुरावा हवा. त्यांचा आधार घेऊन तक्रारी झाल्या पाहिजेत.

परंतु केवळ बाटली बदलून पाणी वाचणार नाही. ग्राहकाची निवड दुकानापाशी संपते. उपशाचा परवाना सरकारी कचेरीत ठरतो. प्रत्येक कारखान्याच्या उपशाचे आकडे गावापुढे मांडले जावेत आणि ते तपासण्याचा हक्क ग्रामसभेला मिळावा, ही मागणी आपण नेटाने लावून धरली पाहिजे.