लेग स्पिन शिकायला काय लागतं?

“आरक्षण एवढं प्रिय असेल तर क्रिकेट संघातही ठेवा, मग बघू किती सामने जिंकता!” हा टोमणा आपल्यापैकी प्रत्येकाने कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात नाहीतर व्हॉट्सॲपवर ऐकलेला आहे. टोमणा मारणाऱ्याला वाटतं, क्रिकेट म्हणजे निखळ मेरिट. आम्ही म्हणतो, चला, क्रिकेटवरच बोलू. त्यातल्या सगळ्यात अवघड कलेवर, लेग स्पिनवर बोलू.

पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, तिसरं बोट दुमडून चेंडूला टेकलेलं. मनगट आत वळवायचं आणि चेंडू सोडताना झटक्यात उलगडायचं. खरी फिरकी देतं ते तिसरं बोट. अंगठा नुसता सोबतीला. उजव्या फलंदाजाच्या लेगला पडलेला चेंडू ऑफकडे वळतो. तेच मनगट आणखी फिरवून हाताची मागची बाजू फलंदाजाकडे केली की गुगली. वाचायला दोन मिनिटं लागतात, जमायला वर्षं जातात. तोवर चेंडू कधी फुलटॉस जातो, कधी अर्ध्या खेळपट्टीवर आपटतो. म्हणून जाणते सांगतात, आधी चेंडू जोरात फिरवा, टप्पा नंतर सापडेल. थोडक्यात, लेग स्पिनरला सगळ्यात आधी मार खाण्याची मुभा लागते.

ही मुभा कोणाला मिळते? शेन वॉर्नने जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळली. १५० धावा दिल्या, बळी एक. पण त्याच्या पाठीशी देशाची क्रिकेट अकादमी होती, टेरी जेनरसारखा शिकवणारा होता, आणि त्याला पुन्हा संधी मिळाली. पुढच्याच वर्षी त्याने माइक गॅटिंगचा तो जगप्रसिद्ध त्रिफळा उडवला. कारकीर्द संपली तेव्हा कसोटीत ७०८ बळी होते. त्याची गुणवत्ता आम्ही नाकारत नाही. ती फुलायला वेळ दिला गेला, एवढंच सांगतो.

आता आपल्या वस्तीत या. पोरं टेनिस बॉलवर खेळतात. त्याला शिवण नाही, मग बोटं कशावर रोवणार? मैदान म्हणजे डांबरी रस्ता किंवा खडीची मोकळी जागा. सामना सहा-आठ ओव्हरचा, एका ओव्हरमध्ये वीस धावा गेल्या तर दुसरी मिळत नाही. अशा ठिकाणी शहाणं पोरगं लेग स्पिनच्या वाटेला जातच नाही. त्याची अनामिका काय करू शकली असती, हे कोणालाच कळत नाही. त्यालाही नाही.

“मग पालवणकर बाळू कसे झाले?” असं कोणी विचारेल. बाळू डावखुरे फिरकीपटू. त्यांचाही चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळायचा. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. गोलंदाजी तिथे मजुरी होती, म्हणून ती बाळूंच्या वाट्याला आली. तासन् तास चेंडू टाकून घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्या हातात बॅट मात्र दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही संघर्षानंतर. मेरिट डोळ्यांसमोर बळी घेत होतं, तरी जात आडवी आलीच.

तेव्हा टोमणा मारणाऱ्यांना आमचा उलट सवाल आहे: स्पर्धा मोजता, सराव का मोजत नाही? मार खाऊनही पुन्हा चेंडू हातात मिळणं, हीसुद्धा पिढ्यान् पिढ्या एकाच बाजूला साठलेली मालमत्ता आहे. आरक्षण म्हणजे तीच दुसरी ओव्हर. पहिलीत मार बसला म्हणून ज्यांच्या हातून चेंडू काढून घेतला जातो, त्यांच्या हक्काची.

आणि एक सवाल आपल्याच मंडळांना. जयंतीला डीजेवर जो खर्च होतो, त्यातला एक वाटा सीझन बॉल, एक मॅटिंग आणि जाळी यासाठी काढता येणार नाही का? मुलींनाही त्या जाळीत हक्काची वेळ द्या. धावा मोजू नका. वर्षभर फक्त चेंडू फिरवू द्या.

जय भीम.