परखलेले नाणे

चांदीच्या नाण्याचे मोल त्याच्या वजनात आणि कसात असते. त्याची पत मात्र ते परखणाऱ्याच्या सचोटीवर उभी असते. प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरीने हे अनुभवाने ओळखले.

अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम वजनाचे होते. एका बाजूस अथीना देवी, तर दुसऱ्या बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगरीच्या नावाची तीन आद्याक्षरे. लॉरिऑनच्या खाणींत गुलामांनी उपसलेली ही चांदी इतकी शुद्ध असे, की इजिप्तपासून सीरियापर्यंत घुबडाची छाप पाहून व्यवहार होत.

पुढे स्पार्टाशी दीर्घ युद्ध जुंपले. शत्रूने डेकेलिया येथे ठाणे दिले आणि खाणींचे काम खुंटले. इसवी सनापूर्वी ४०६ च्या सुमारास नगरीने तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली. ॲरिस्टोफेनीस या नाटककाराने लगेचच रंगभूमीवरून त्यांची खिल्ली उडविली. नाण्याची अब्रू घालविणारी या वेळी खुद्द नगरीच होती!

शांतता आल्यावर शुद्ध चांदीचे नाणे परतले. पण संशय सहजासहजी जात नाही. म्हणून इसवी सनापूर्वी ३७५-३७४ मध्ये निकोफोन याच्या प्रस्तावावरून एक कायदा झाला. त्याचा संगमरवरी शिलालेख १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत सापडला.

त्यानुसार सराफांच्या मेजांपाशी नगरीचा पारखी बसे. तांबे वा शिसे पोटात दडविलेले नाणे तो तत्काळ छेदून देवमातेला अर्पण करी. परदेशी, पण चांदीचेच नाणे आणणाऱ्यास परत मिळे. पारख्याने खरे ठरविलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. पिरेअस बंदरातही असाच पारखी नेमण्यात आला.

हा पारखी स्वतः नगरीचा गुलाम असे. कामात कुचराई झाल्यास त्याला पन्नास फटके. ज्याला स्वतःचे स्वातंत्र्य नव्हते, त्याच्या शब्दावर स्वतंत्र नागरिकांचा बाजार चाले.

कायद्याने एक मर्म नेमके पकडले होते : खोटे नाणे घेणे जितके घातक, तितकेच खरे नाणे नाकारणेही. पेढीची पत एका खोट्या व्यवहाराने जाते. परत मिळवायची, तर रोज, प्रत्येक नाण्यागणिक परीक्षा द्यावी लागते.