वीजबिल वाचता का?

मैत्रिणींनो, एप्रिल-मेचं वीजबिल आलं की घरोघरी एकच प्रश्न, "एवढं कसं आलं?" पंखे चालू ठेवल्याबद्दल मुलांना बोलणी बसतात आणि बिल जातं ड्रॉवरमध्ये! ते बाहेर काढा पाहू. वाण्याची यादी आपण पै-पै तपासतो, मग हीच का सोडायची?

आधी युनिटचा आकडा पाहा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, ३०० च्या पुढे आणखी. म्हणजे वरची युनिट सर्वांत महाग. वाचवायची ती हीच.

एक गोष्ट मात्र बिलावर छापलेली नसते. आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळसा जाळून तयार होते. एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. उन्हाळा कडक होतो म्हणून कूलर, कूलरला वीज, विजेला कोळसा, आणि पुन्हा वाढता उन्हाळा! एका घरानं हे चक्र थांबणार नाही, खरं आहे. पण आपल्या घराचा वाटा तर आपल्याच हाती आहे ना?

सुरुवात स्वस्तापासून करावी. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात. ९ वॅटच्या एलईडीला दीडही लागत नाही. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर २७ युनिट. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला ११ सुद्धा नाहीत. हे पंखे महाग असतात, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट, हेही ध्यानात असू द्या.

मग गच्चीचा विचार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये असं अनुदान ठरलं. अर्जापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते; चांगल्या उन्हात रोज ४ युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी.

विकणारा माणूस दारी आला की "ह्यांना विचारा" म्हणून आत जाऊ नका हं! कर्जाचा हप्ता घरखर्चातूनच जाणार आहे. आपणच विचारावं: शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता येते? दुरुस्तीला कोण येणार? लाइट गेल्यावर काय? बॅटरी नसलेली साधी यंत्रणा तेव्हा आपोआप बंद होते, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसत नाही. हे आधी कळलं तर नंतर वाद होत नाहीत.

या आठवड्यात एवढंच करा. सकाळी सात वाजता मीटरचा आकडा वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. वजाबाकी केली की दिवसाचा खर्च कळतो. त्याला ३० नं गुणा. मग ती वही रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर ठेवा.