आकाशातील उमेदवारी

बारावीचा निकाल लागला की घरोघर वडीलधाऱ्यांची बैठक बसते. वैद्यकी, स्थापत्य, हिशेबनिशी, बँक, सरकारी परीक्षा असे ठरलेले मार्ग एकामागून एक चर्चिले जातात, आणि एखाद्या घरी त्यातच मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, "मला वैमानिक व्हावयाचे आहे. एका विमान कंपनीने शिकाऊ उमेदवार घेण्याची योजना काढली आहे. अर्ज करू का?" बैठक क्षणभर स्तब्ध होते. आजी विचारते, "जमिनीवरची कामे संपली का रे?" काका खर्चाचा आकडा विचारतात. वडिलांना मात्र निराळीच शंका असते: "तू आजवर विमान चालविले आहेस किती? ज्याच्या गाठी पाच तासांचेही उड्डाण नाही, त्याला ती मंडळी दारात तरी उभे करतील काय?" अशा घरांसाठी या महिन्याचे हे सदर आहे.

वडिलांची शंका प्रथम घेऊ, कारण तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे. या योजना मुळात ज्यांनी विमान चालविलेले नाही अशांसाठीच असतात. अनुभवी वैमानिक हवा असेल तेव्हा कंपनी निराळी जाहिरात देते. ज्यास 'कॅडेट पायलट' म्हणतात तो उमेदवार या शब्दाच्या जुन्या अर्थाने उमेदवारच होय. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःवर घेऊन करावयाचे, ५ तास रात्रीचे आणि १० तास बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधाराने. हे दोनशे तास पुरे करून देणे हेच त्या योजनेचे काम. तेव्हा आरंभी उमेदवाराच्या नोंदवहीत शून्य तास आहेत की आठ, याने कंपनीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

ही रीत आजची नव्हे. इंग्लंडात बीईए आणि बीओएसी या दोन सरकारी विमान कंपन्यांसाठी १९६० साली हॅम्बल येथे वैमानिकांचे विद्यालय उघडले गेले, आणि शाळा नुकतीच संपविलेल्या तरुणांना तेथे घेऊन वैमानिक करण्यात येऊ लागले. २००६ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तर असा एक परवाना मान्य केला, की ज्यात नवशिक्यास आरंभापासूनच दोघांनी मिळून मोठे विमान चालविण्याचे शिक्षण द्यावयाचे, आणि ठरलेल्या २४० तासांतील मोठा भाग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरील हुबेहूब नकली विमानकक्षात, पुरा करावयाचा. यामागील कारण समजण्यासारखे आहे. प्रवासी विमानात एक वैमानिक विमान चालवितो, दुसरा उपकरणे पाहतो, याद्या वाचतो, आकाशवाणीने जमिनीशी बोलतो आणि पहिला चुकला तर त्यास टोकतो. येथे एकट्याच्या धाडसापेक्षा दोघांच्या शिस्तीला मोल अधिक. अशी शिस्त कोऱ्या पाटीवर लवकर उमटते; चार ठिकाणच्या सवयी घेऊन आलेल्यास कित्येकदा आधी काही विसरावे लागते.

मग निवड कशावरून होते? प्रथम गणित, पदार्थविज्ञान व इंग्रजी यांच्या गुणांवरून चाळणी लागते. पुढे संगणकासमोर बसवून हाताची व डोळ्यांची जुळणी, तोंडी हिशेबाचा वेग, आणि दोन कामे एकाच वेळी करताना तिसऱ्याकडे लक्ष राहते की नाही, हे पाहतात. त्यानंतर पाचसहा उमेदवारांना एक प्रश्न मिळून सोडविण्यास देतात. आपल्या हुशार मुलांची खरी फजिती येथे होते. वर्गात पहिले येण्याची सवय लागलेला मुलगा इतरांना बोलूच देत नाही, किंवा मुकाट्याने स्वतःपुरते उत्तर काढून मोकळा होतो. परीक्षकास हवा असतो तो दुसऱ्याचे ऐकणारा, स्वतःची चूक कळताच मत बदलणारा, आणि वडील माणूसही चुकत असेल तर आदर न सोडता तसे स्पष्ट सांगणारा तरुण. हा शेवटचा गुण घरात शिकविला जातो किंवा घरातच मोडला जातो. ज्या घरात "मोठ्यांपुढे बोलू नये" एवढेच शिकविले, त्या घरातील मुलास विमानाच्या कप्तानास वेळीच टोकणे जड जाते, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

थोडासा अनुभव असेल तर तो कसा सांगावा? जितका असेल तितकाच, नोंदवहीतील तारखांनिशी. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत छोट्या विमानात बसावयास मिळाले असेल, एखाद्या फ्लाइंग क्लबात शिक्षकाशेजारी बसून तासभर दांडा हाती घेतला असेल, तर तसे लिहावे. आणि मुलाखतीत त्या तासात काय जमले नाही हेही सांगता यावे. तीन तासांचे तीस तास करणे हा तर या व्यवसायातील महापाप समजावा. २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे आपल्या देशात उघडकीस आली, वैमानिकांना अटक झाली आणि परवाने रद्द झाले. ज्याच्या हाती दीडशेदोनशे माणसांचा जीव, त्याची नोंदवही खरीच असली पाहिजे. अनुभव मुळीच नसेल तर एक उड्डाण शिक्षकासह अवश्य करून पाहावे. ते तास वाढविण्यासाठी करावयाचे नसून, उंचावर गेल्यावर आपल्यास आनंद होतो की पोटात गोळा येतो, हे कळण्यासाठी करावयाचे.

अर्जापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, आणि त्या याच क्रमाने. पहिली वैद्यकीय तपासणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून प्रथम द्वितीय वर्गाची, आणि मग ठरलेल्या केंद्रांत प्रथम वर्गाची तपासणी होते. डोळे, कान, हृदय, रक्त, मनाचे आरोग्य, सर्व पाहतात. चष्मा असला म्हणजे दार बंद झाले असे नव्हे. चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या मापाची असली म्हणजे पुरे. परंतु लाल आणि हिरवा रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो मोठाच अडसर होतो, आणि पुष्कळांना आपल्यात तो आहे हे तपासणीपर्यंत ठाऊकही नसते. हा दाखला जन्माचा नसतो. तरुणपणी तो दर वर्षी नवा करावा लागतो. म्हणून आधी शरीराचा कौल घ्यावा, मग बाकीची स्वप्ने.

दुसरी गोष्ट परीक्षांची. परवान्यासाठी मार्गनिर्देशन, हवामान, विमानविषयक नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या लेखी परीक्षा असतात व प्रत्येकीत ७० टक्के गुण लागतात. या परीक्षा एक तासही उड्डाण न करता, घरी राहून देता येतात. त्यांस लागणारा खर्च उड्डाणाच्या खर्चापुढे किरकोळ. मुलाने सहा महिने पहाटे उठून हे विषय केले आणि दोन कागद पार पाडले, तर त्याची ओढ खरी समजावी. चार आठवड्यांत पुस्तके फळीवर गेली, तर घराने एक मोठी रक्कम वाचविली असे समजून समाधान मानावे.

आता काकांचा प्रश्न, आणि तोच या सर्वांत गंभीर. 'प्रायोजित' या शब्दाचा अर्थ देशोदेशी निराळा आहे. २०२३ साली ब्रिटिश एअरवेजने जी योजना सुरू केली, तीत निवडलेल्या उमेदवाराच्या शिक्षणाचा खर्च कंपनी सोसते. अर्थात ती तेथे काम करण्याचा हक्क असणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडील योजनांवर विमान कंपनीचे नाव असते, निवड तिच्या मापाने होते, शिक्षणाचा साचा तिचा असतो. परंतु पैसा बहुधा उमेदवाराच्या घरचा असतो. दीडदोन वर्षांचे शिक्षण आणि मोठ्या विमानाचे विशेष शिक्षण धरून हा आकडा एक कोटीच्या घरात, किंबहुना त्याच्याही पुढे जातो. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका साधारणतः तारण मागतात. तारण म्हणजे राहते घर, गावाकडचा वाडा किंवा आजोबांनी राखलेली जमीन.

म्हणून आमचे सांगणे असे, की अर्ज मुलाचा असला तरी करार घराचा आहे, आणि तो घराने मिळून वाचला पाहिजे. पैसे एकरकमी द्यावयाचे की शिक्षणाच्या टप्प्याटप्प्याने? मध्येच प्रकृती बिघडली किंवा मुलगा एखाद्या कसोटीत उतरला नाही, तर उरलेली रक्कम परत मिळते काय? शेवटी नोकरीचे वचन आहे, की "जागा असल्यास" एवढीच भाषा आहे? किती वर्षे कंपनी सोडता येणार नाही? मोठ्या विमानाचे विशेष शिक्षण या रकमेत धरले आहे की वेगळे? ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत. कागदावर घ्यावीत आणि ओळखीच्या वकिलाला दाखवावीत. वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणारा विमाही असतो. त्याची चौकशी त्याच वेळी करून ठेवावी.

कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबू नये. २०१२ साली किंगफिशरची, १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमाने जमिनीवर बसली. त्या प्रत्येक नावाला कालपर्यंत मान होता. कंपनी बुडाली तरी बँकेचा हप्ता बुडत नाही. घराने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: शिक्षण पुरे झाले आणि दोन वर्षे नोकरी लागली नाही, तर हप्ते कोठून भरावयाचे? याचे उत्तर असेल तर पुढे जावे. उत्तर "देव पाहून घेईल" असे असेल, तर थांबावे. ऋण काढून सण करण्याची आपली रीत नव्हे.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट आहे. वडिलोपार्जित घर तारण ठेवताना सर्व भागीदारांची संमती लागते, आणि २००५ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर अशा मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीची सही ही केवळ औपचारिक बाब मानू नये; तिला बोलावून, आकडा सांगून, तिचे मत विचारावे. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला काय उरते, तेही त्याच बैठकीत मांडावे. एकाच्या उड्डाणासाठी दुसऱ्याची फी थांबली, तर पुढे तो सल वर्षानुवर्षे पंगतीत मुकाट बसून राहतो.

आणि ज्या घरात हा हट्ट मुलीने धरला आहे, त्या घरास वेगळे सांगावेसे वाटते. प्रेम माथुर यांना १९४७ साली डेक्कन एअरवेजने वैमानिक म्हणून घेतले. १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला गेलेल्या ज्या विमानात सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. आज भारतातील वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, आणि हे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. मुलाच्या वेळी हप्त्यांचा हिशेब करणारे घर मुलीच्या वेळी "आणि लग्नाचे काय?" एवढाच हिशेब करते, हे न्याय्य नव्हे. दोघांस एकच माप लावावे. तब्येत, गणित, चिकाटी आणि पैसा.

पैसा नाही, पण बाकी तीन गोष्टी आहेत, अशा मुलांनी निराश होऊ नये. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तेथे स्पर्धापरीक्षेने प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसी येथे मोठी उड्डाणशाळा आहे, आणि अमरावतीजवळ बेलोरा येथे वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. साध्या उड्डाणशाळेत परवाना घेण्यास कंपनीच्या योजनेहून खर्च पुष्कळ कमी येतो, मात्र पुढील नोकरी स्वतः शोधावी लागते. पदवी घेऊन, चारसहा वर्षे नोकरी करून, स्वतःच्या कमाईचा काही भाग घालून मग शिकणारेही पुष्कळ आहेत. पंचविशीत आरंभ केला म्हणून आकाश कोठे पळून जात नाही.

तेव्हा बैठकीत मुलाने अर्जाचा विषय काढला, तर वडिलांनी उड्डाणाचे तास विचारू नयेत. डॉक्टरांची वेळ ठरवावी, हवामानशास्त्राचे पुस्तक आणून द्यावे, आणि सहा महिन्यांनी घरातील सर्वांना एकत्र बसवून करारपत्र मोठ्याने वाचावे. वाचून झाल्यावर सर्वांच्या मुद्रेवर समाधान असेल, तर खुशाल सही करावी आणि आजीच्या पाया पडून निघावे.